गावाचा कान

आमच्या घरी फोन यायचे ते भामाबाईच्या कानाची चौकशी करायला. भामाबाईची नव्हे, कानाची. पहिल्यांदा फोन आला तेव्हा पलीकडच्या माणसाने विचारलं, "बाई, भामाक्काचा कान कसा हाय आज?" मला वाटलं, म्हातारीचा कान दुखत असेल, गावाकडच्यांना काळजी आहे. मी म्हटलं, "बरा आहे, जरा लालसर दिसतोय इतकंच." मग फोन ठेवल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या रात्री त्यांचं अख्खं गाव घराबाहेर झोपलं होतं. लेकराबाळांसकट, कडाक्याच्या थंडीत, माझ्या एका वाक्यावर.

मी इंदू. लातूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना भाड्याने दिल्या. तेव्हा लातूर म्हणजे क्लासचंच गाव झालं होतं. ज्याच्याकडे म्हणून एक मोकळी खोली होती त्याने भिंतीवर रंगवून टाकलं, मुलींसाठी रूम मिळेल. मुलींबरोबर त्यांच्या आया नाहीतर आज्या यायच्या. घरदार, शेत, नवरा सगळं गावाकडे टाकून दोन वर्षं इथे स्टोव्हवर भाकऱ्या थापायच्या, का तर पोरीची बारावी आणि सीईटी. मला त्या बायांचं कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा. दिवसभर त्या पोरीच्या पुस्तकावर नजर लावून बसत आणि पुस्तकात काय आहे ते त्यांना ठाऊक नसे.

भामाबाई अशीच नातीबरोबर आली. नात दिपाली, अकरावी सायन्सला. औशाच्या पलीकडे, भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावांपैकी एका गावची ही माणसं. भामाबाईचा मुलगा निवृत्ती एसटीत कंडक्टर होता, तो ट्रंक आणि गादी ठेवून लगेच ड्यूटीवर पळाला. मी भामाबाईला वरची खोली दाखवली. चांगली हवेशीर खोली. ती उंबऱ्यातच थांबली, मान वर करून स्लॅबकडे बघत राहिली आणि आत काही पाऊल टाकेना.

"ह्येच्या खाली म्या निजत न्हाई, बाई."

मागच्या अंगणात आमची एक पत्र्याची खोली होती. मोडका कूलर, जुनी सायकल, असलं सामान तिथे पडलेलं. ती म्हणाली, "ह्ये द्या." मी म्हटलं, अहो, लातूरचा उन्हाळा आहे, पत्र्याखाली भाजून निघाल. त्यावर तिने शांतपणे सांगितलं, "भाजलं तर उठून बाहीर येता येतं." मग मीच कूलर हलवला आणि खोली झाडून दिली.

तिचा डावा कान मी त्या दिवशी नीट बघितला. कानाची वरची कड फाटून जुळलेली होती, आणि बाकीचा कान चुरगळलेल्या कापडासारखा आत वळलेला. खालची पाळी मात्र अगदी धड, त्यात साधं कुडकं. उजव्या कानाच्या वरच्या कडेला बुगडीचं भोक होतं, बुगडी नव्हती. पुढे एकदा ज्वारी निवडता निवडता तिने ते सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. भूकंपाच्या पहाटे दगडी भिंत आली ती तिच्या डाव्या अंगावर. बुगडी दगडाखाली अडकली, आणि लोकांनी तिला ओढून काढलं तेव्हा कान फाटून बुगडी ढिगाऱ्यातच राहिली. कुशीत लेक होती, सिंधु. तिला काढायला फार उशीर झाला. उजवी बुगडी भामाबाईने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने उतरवली आणि लेकीबरोबर मातीत दिली.

कान शिवला, भरून आला. काही महिन्यांनी, गाव अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना, एक दिवस तो आपोआप लाल झाला, सुजला, तापला. हात लावू देईना. आणि त्याच संध्याकाळी जमीन हलली. थोडीशीच, पण हलली. पुढच्या खेपेलाही तसंच. तिसऱ्यांदा कान लाल झाला तेव्हा बायकांनी भामाबाईच्या आधीच अंथरुणं बाहेर काढली होती. मग ती गावाची रीतच पडली. भामाक्काचा कान थंड असेल तर घरात झोपायचं, पेटला असेल तर बाहेर. हळूहळू धक्के थांबले तरी कान काही थांबेना. लोक म्हणायचे, खोल कुठंतरी हललं असंल, वर पोचलं न्हाई.

निवृत्तीला हे अजिबात पटायचं नाही. तो आईला म्हणायचा, "आपण आंगारे-धुपारे कवाच सोडले, आन तू ह्ये काय घेऊन बसलीस?" ती म्हणायची, "ह्यो देव न्हाई, बाबा. कान हाय."

मी गणिताची बाई. मी तिला हिशेबाने समजावलं, की ज्या भागात जमीन अधूनमधून थरथरतेच तिथे कान अधूनमधून लाल झाला तर कधी ना कधी दोन्हीची गाठ पडणारच. जुळलेले दिवस लक्षात राहतात, न जुळलेले विसरून जातात. तिने सगळं ऐकून घेतलं, हाव हाव म्हटलं आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली. मी चरफडत घरात आले. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशीपासून अंगणातून जाताना माझी नजर आधी तिच्या कानाकडे जायला लागली.

खरा त्रास होता तो दिपालीला. क्लासची इमारत तीन मजली, स्लॅबची. कान लाल झाला की भामाबाई भर दुपारी चालत क्लासवर जायची, खाली उभी राहायची आणि हाका मारायची, "दिपे, खाली ये." सर शिकवत असायचे. पोरी हसायच्या. दिपाली मान खाली घालून जिना उतरायची आणि आज्जीजवळ रस्त्याच्या कडेला उभी राहायची, ती सोडेपर्यंत. एकदा चाचणी अर्धी टाकून यावं लागलं. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "काकू, मी आज्जीवर चिडू शकत नाही. तिने एक पोरगी कुशीतली घालवलीय. पण असं झालं तर माझं वर्ष जाईल."

दुसऱ्या वर्षी, दिपाली बारावीत असताना, दिवाळीच्या आधी एक गोष्ट घडली, आणि तिथून पुढे माझंही मन थाऱ्यावर राहिलं नाही. भामाबाईचा उजवा कान लाल झाला. ज्याला दगड लागला नव्हता, धक्का लागला नव्हता, तो. कड सुजली, तापली, आणि पाळी तेवढी तशीच राहिली, डाव्यासारखीच. मी विचारलं, "मार या कानाला, मग तो का पेटला?" ती म्हणाली, "ह्येनं त्याला सांगितलं आसंल." ती हे हसून म्हणाली नाही. मग तिचं नाक बसायला लागलं. मध्यावरचं हाड कुणी अंगठ्याने दाबून ठेवल्यासारखं खाली गेलं, आणि चेहरा बघता बघता दुसऱ्याच कुणाचा तरी दिसायला लागला. आवाज घोगरा झाला. दुपारी ती आडवी झाली की पत्र्याच्या खोलीतून एक बारीक शीळ ऐकू यायची. आत जाते, थांबते, बाहेर येते. वरच्या मुली घाबरून माझ्याकडे आल्या. मी दार ढकलून बघितलं, तर भामाबाई गाढ झोपलेली आणि शीळ तिच्या गळ्यातून येत होती.

माझी भाची देविका नांदेडला डॉक्टर आहे, कान-नाक-घशाची. मी तिला बोलावून घेतलं. तिने भामाबाईला अंगणात उजेडात बसवलं, दोन्ही कान चाचपले, नाकाचं हाड दाबलं, गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं.

"आत्या, या पाळ्या बघ. धड आहेत, कारण पाळीत कूर्चा नसते. कूर्चा म्हणजे हे मऊ हाड. सूज फक्त तिथेच आहे. कानाची कड, नाक, आणि आता श्वासनळी."

"पण हे आलं कुठून? त्या दगडाने?"

"नक्की कुणी सांगू शकत नाही. फार कमी लोकांना होतो हा आजार. काही जणांना मार लागल्यानंतर सुरू झालेला दिसतो. कूर्चा अंगात झाकलेली असते ना, ती फाटली की आतलं काहीतरी उघडं पडत असावं. मग आपल्याच रक्तातले राखणदार तिला परकी समजतात. आणि एकदा परकी समजले की अंगात जिथे जिथे ती असेल तिथे शोधत जातात."

"इतक्या वर्षांनी?"

"ते विसरत नाहीत, आत्या."

भामाबाई खाली बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी मारणारे घरचेच हायेत." देविका हो म्हणाली. "मंग वळखत कामून न्हाईत?" देविकाने पिशवीतून कागद काढला. तिने गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं, की या गोळ्या मधेच बंद करायच्या नाहीत. कान गेला तर गेला, पण श्वासनळी बसली तर बाई हातची जाईल.

गोळ्यांनी कमाल केली. आठवड्यात दोन्ही कान फिके पडले. शीळ थांबली. भामाबाईला भूक लागायला लागली. दिपाली क्लासला जाताना गुणगुणायला लागली. मी म्हटलं, चला, सुटलो.

पण फोन वाढले. रोज एक, मग रोज दोन. "कान थंड हाय?" "थंड आहे." "कवापासून?" "गोळ्या सुरू केल्यापासून." एक दिवस गावातले वडीलधारे गुंडप्पा स्वतः फोनवर आले. भूकंपात या माणसाची बायको आणि दोन मुलगे गेले होते. ते भांडले नाहीत. हळू आवाजात इतकंच म्हणाले, "बाई, तुमी आमचा कान बंद केला."

आणि मग नेमकं तेच झालं. सकाळची वेळ होती, मी चहा टाकत होते. मांडणीतली झाकणं एकमेकांवर किणकिणायला लागली. जमिनीतून गूऽऽ असा आवाज आला, जड ट्रक खालून गेल्यासारखा, पण रस्त्यावर ट्रक नव्हता. वरच्या मुली, आणि त्यांच्याकडे अभ्यासाला गेलेली दिपाली, जिना उतरून धावत अंगणात आल्या. सगळं मिळून क्षणभराचं काम. कुठे तडासुद्धा गेला नाही. मी मागच्या अंगणात गेले तर भामाबाई डावा कान तळव्यात धरून बसली होती. चेहरा पांढराफटक.

"ह्येनं सांगितलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "दिपी वर हुती, आन ह्येनं सांगितलं न्हाई."

त्या दिवसापासून तिने गोळ्या सोडल्या. लपवूनछपवून नाही, मला तोंडावर सांगून. मी भांडले, देविकाने फोनवर समजावलं, निवृत्ती येऊन ओरडून गेला. दिपालीने पायावर डोकं ठेवलं. म्हातारी बधली नाही. तिचं एकच म्हणणं, माझा श्वास गेला तर एक जाईल, कान गेला तर पोरगी जाईल. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, भामाबाई, तुम्ही मेलात तर पोरीला खाली बोलवायला कोण येणार आहे? ती म्हणाली, "तवर बारावी व्हईल."

दोन्ही कान पुन्हा पेटले, आधीपेक्षा जास्त. गावातून फोन आले, मी खरं तेच सांगितलं, आणि लोकांच्या आवाजात सुटकेचा भाव ऐकून मला शिसारी आली. शीळ परत आली. आधी झोपेत, मग बसल्या जागी, मग दोन पावलं चालली तरी. एका दुपारी भाकरी थापताना शीळ एकदम थांबली. दिपाली किंचाळली म्हणून मी धावले. भामाबाई परातीशेजारी बसली होती, तोंड उघडं, छाती वर-खाली होत होती, पण आवाज काही नव्हता. रिक्षात आम्ही दोघींनी तिला मांडीवर घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली, तेव्हा कुठे श्वास आत गेला. मी बाहेर बाकावर बसून ढसाढसा रडले. माझा नवरा गेला तेव्हाही मी असं रडले नव्हते.

नळी बसवली तरी धोका टळला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घेतल्या तर निभेल, नाहीतर नळीच्या खालची वाटही बसेल. भामाबाई गोळी जिभेवर ठेवायची आणि नर्स वळली की थुंकून टाकायची. गळ्यातल्या नळीवर बोट ठेवलं की तिला थोडं बोलता यायचं, पण ती बोट ठेवायचीच नाही.

आणि अशात गुंडप्पा आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, हातात रुमालाची घडी. खाटेजवळ बसले, भामाबाईच्या कानांकडे बघितलं, मग नळीकडे. मग रुमाल उघडला. आत नवी बुगडी होती.

"भामाक्का, आता तुझं कसं व्हतंय कुनाला ठावं. गावाला कान पायजे. ही दिपीच्या डाव्या कानाला टोचू. रगात तुझंच हाय, तिचा कान बी लागंल."

दिपाली खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिचा हात आपोआप स्वतःच्या कानावर गेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भामाबाई उठून बसली. तिने नळीवर बोट ठेवलं. आवाज फाटका, विहिरीतून यावा तसा.

"गुंडप्पा, त्या पहाटं माझे दोनी कान धड हुते. दोनीत बुगड्या हुत्या. काय ऐकलं म्या? सिंधु कुशीत हुती, तिचा श्वास थांबला ते बी ऐकलं न्हाई." ती थांबली, दम घेतला, पुन्हा बोट ठेवलं. "ह्यो कान फुडचं सांगत न्हाई. झालेलंच सांगतो. पुना पुना तेच सांगतो. माझ्या पोरीला त्ये ऐकवायचं न्हाई."

मग तिने दिपालीपुढे हात केला. "गोळी दे."

ती गोळी तिने गिळली, पाणी प्यायली, आणि गिळली हे दाखवायला नर्ससमोर तोंड उघडलं. दिपाली तिच्या गळ्यात पडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. गुंडप्पांनी बुगडी परत रुमालात बांधली. उठता उठता म्हणाले, "तुझं खरं आसंल, भामाक्का. पर गावाला झोप कशी लागावी?" त्यांच्या या प्रश्नाकडे तेव्हा आम्ही कुणी लक्ष दिलं नाही.

भामाबाई वाचली. नळी राहिली, पण श्वास राहिला. बारावीचं उरलेलं वर्ष पार पडलं, आणि तिने दिपालीला एकदाही खाली बोलावलं नाही. गावाचे फोन हळूहळू बंद झाले. मी समजले, लोक सुधारले.

परीक्षा झाली आणि दोघी गावाकडे निघाल्या, तेव्हा मीही जीपमधून सोडायला गेले. वाटेत जुनं गाव लागलं. दगडांचे ढीग आणि त्यावर माजलेल्या वेड्या बाभळी. भामाबाईने तिकडे मान वळवली नाही. नवं गाव सरळ रेषेत आखलेलं, रुंद रस्ते, एकसारखी घरं, आणि प्रत्येक घरापुढे पत्र्याचं शेड, त्याखाली बाजा. दिपाली आली हे कळताच गल्लीतल्या लहान पोरी धावत आल्या. मला आधी वाटलं, काही लग्नकार्य झालं असेल. सगळ्यांच्या डाव्या कानाला हळद लावलेली होती. मग जवळून बघितलं. प्रत्येकीच्या डाव्या कानाची वरची कड टोचलेली, कुणाच्या बुगडी, कुणाच्या नुसती लिंबाची काडी. काही कान सुजलेले होते.

गुंडप्पा शेडखाली बाजेवर बसले होते. मी तिथेच त्यांच्यावर बरसले. अक्कल गहाण ठेवलीत का, या लेकरांनी तुमचं काय वाकडं केलंय, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, एकीचा तरी लागंल," ते म्हणाले. "तुमी लातुरात निजता. तुमाला कळायचं न्हाई."

भामाबाईने गाठोडं खाली ठेवलं. कुणी पाणी दिलं ते घेतलं नाही. ती धुळीतच बसली आणि एकेका पोरीला जवळ ओढून तिच्या कानावर तळवा ठेवायला लागली. ठेवायची, थांबायची, बुगडी किंवा काडी काढून आईच्या हातात द्यायची, पोरीच्या पाठीवर थोपटायची आणि पुढची ओढायची. आया कुरकुरल्या, पण तिचा हात कुणी धरला नाही. भराभर चाललं होतं. दिपालीही तिच्याशेजारी बसून काड्या काढायला लागली.

शेवटी एक अगदी छोटी पोरगी राहिली, फाटक्या झग्यातली, नाकाला शेंबूड. भामाबाईने तिच्या कानावर हात ठेवला आणि उचलला नाही. दुसरा हात स्वतःच्या कानावर ठेवला. मग पुन्हा पोरीच्या.

"आज्जी, काय झालं?" दिपालीने विचारलं.

मी म्हटलं, अहो, नवं टोचलंय, वरून हे ऊन, कान गरम लागणारच. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. गुंडप्पा बाजेवरून उठून उभे राहिले होते. सगळ्या आया भामाबाईच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने बोलायला म्हणून नळीवर बोट ठेवलं, पोरीकडे बघितलं, आणि बोट काढून घेतलं.